काढलेला भोंगा

धरमपेठेतल्या सुरुचीताईंनी रिक्षातून आणलेलं ऑक्सिजनचं मशीन गुणवंताच्या सदरमधल्या दुरुस्तीच्या दुकानात ठेवलं. "याचा भोंगा काढून द्या. लाइट गेली की कोकलत सुटतो. तिसऱ्या खोलीतही झोप लागत नाही."

"ताई, तो त्याच्यासाठीच राह्यते ना. पेशंट कोन हाय?"

"सासरे. मी असतेच की त्यांच्याजवळ."

गुणवंताने मशीन उघडलं. जोडाचं सोल्डर वितळवून सकरच्या पिचकारीने ओढून घेतलं आणि पेराएवढा भोंगा चिमट्याने अलगद उचलला. मागून कोणी चोरीचा आळ घेऊ नये म्हणून काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, असा त्याचा नेमच होता. ताईंनी तो रुमालात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवला.

उन्हाळा सरायच्या आत त्या पुन्हा आल्या. तेच मशीन, तोच रुमाल. "परत बसवून द्या."

गुणवंताचा जीव भांड्यात पडला. "बरं केलं ताई. मले बी तेच वाटून राह्यलं होतं, रिस्क कशाले घ्यायची?"

"मशीन भाड्याचं आहे. आता घरात त्याची गरज उरली नाही. परत देताना जसंच्या तसं लागतं."

गुणवंताने सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. त्याने भोंगा बसवला, मशीन सुरू केलं आणि तपासायला प्लग उपसला. भोंगा असा किंचाळला की समोरच्या पानठेल्यावरची माणसं वळून पाहू लागली.

सुरुचीताईंनी मान डोलावली. "हाच आवाज. तिसऱ्या खोलीतही ऐकू यायचा."