साफ केलेलं गाणं

गाणं संपलं आणि ताईने हेडफोन काढून टेबलावर आपटले.

"माझ्या आईचं गाणं कुठाय?"

रेकॉर्डिस्ट बावचळला. तीन दिवस तो या गाण्याला चिकटून बसला होता. बाबा गेल्यावर आईने स्वतः रचलेलं आणि स्वयंपाक करता करता फोनवर रेकॉर्ड केलेलं गाणं. आता आईही राहिली नव्हती. पंखा, नळ, भांडी, सगळे आवाज त्याने एकेक करून काढले होते. मधेच बाई गाणं सोडून भलतंच काही बोलल्या होत्या, तेही असं कापलं होतं की जोड कुणाला सापडेल तर शपथ.

ताईला पहिल्या फटक्यात सापडला.

"दुसऱ्या कडव्यात ती थांबते. 'तू नाहीस घरात, तरी घर तुझंच ऐकतं,' एवढं गाते आणि म्हणते, 'गॅस बंद कर रे.' ते कुठे गेलं?"

ते शब्दांच्या कागदावर नव्हतं, रेकॉर्डिस्ट म्हणाला. कापलेला तुकडा त्याने ठेवलाही नव्हता. मूळ फाइलवरच काम केलं होतं, दुसरी प्रत ताईच्या भावाकडे असेल म्हणून. आणि मागे सोफ्यावर बसलेल्या धाकट्या भावाला वाटलं होतं, मूळ काय, स्टुडिओत असणारच. आईचा फोन पुसून त्याने कधीच देऊन टाकला होता. दोघेही शहाणे.

ताई भावाकडे वळली. तो बुटांकडे बघत पुटपुटला, नातेवाइकांना पाठवायचं होतं, लोक हसले असते.

"हसू देत ना! बाबांना तिने शब्दांत ठेवलं. ती स्वतः तेवढ्या एका वाक्यात होती, आणि तेच तू कचरा म्हणून काढायला लावलंस."

रेकॉर्डिस्टने खुर्चीतून उठून चाचरत सुचवलं की ताईंनी तेवढी ओळ गायली तर बसवता येईल. ताईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा खुर्चीत बसला. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, ती ताडताड काचेपलीकडच्या खोलीत गेली आणि माइकसमोर उभी राहिली. काय कापलंय ते ऐकाच एकदा, म्हणाली.

गळा तिला कधीच नव्हता. पहिलं कडवं बेसूर गेलं. दुसरंही तसंच चाललं होतं, राग तर प्रत्येक शब्दात. 'तू नाहीस घरात, तरी घर तुझंच ऐकतं,' एवढं झालं आणि ती थांबली.

"गॅस बंद कर रे. किती वेळा सांगायचं तुला?"

स्पीकरमधून आवाज आला तो आईचाच. तसाच चिडलेला, तसाच शेवटी चढलेला.

"करतो गं," म्हणत भाऊ सोफ्यावरून उठला, दोन पावलं चालला, आणि खोलीच्या मधोमध तसाच उभा राहिला.