पडद्यावरचा बाण

पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात कंप्युटरच्या पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला, तेव्हा यंत्रणेवर लक्ष ठेवणाऱ्या तिचा हात माउसवर नव्हताच. बाणाने क्लोरीनच्या आकड्यावर जाऊन दोनाचे वीस केले, मग दोनशे. घरी लेक याच पाण्याचा पेला तोंडाला लावत असेल. तिने नेटवर्कची वायर उपटली आणि धावत जाऊन पंप बंद केला. साहेब धापा टाकत आले. "बाहेरून कुणीतरी यंत्रणेत शिरलंय. पासवर्ड कुणाला दिलात?" सकाळी फोनवर एकाने 'ताई, कंप्युटर विभागातून बोलतोय' म्हणत तो गोडीगुलाबीने काढून घेतला होता. नोकरी जाईल या भीतीने ती म्हणाली, "कुणालाच नाही." तेवढ्यात शेजारच्या टेबलावर दुसरी टाकी सांभाळणाऱ्या मावशींचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला. "कंप्युटर विभाग? हो, लिहून घ्या पासवर्ड..." तिने झेप घेऊन फोन हिसकावला. "नका सांगू, मावशी! मीच सकाळी सांगितला!"