वृत्तात न बसलेलं नाव

कवितेच्या चौथ्या कडव्यात कवयित्री व्हिटकॉमबाईंनी मुलीला मारून टाकलं आणि चर्चच्या सभागृहात पहिला हुंदका ऐकू आला.

डॉर्कस मंचावर बसली होती. कवितेतली आई ती हीच, हे लोकांना दिसावं म्हणून कार्यक्रमाच्या मंडळींनी तिला मुद्दाम पुढं बसवलं होतं, खांद्यावर काळी शालही घातली होती. कविता ती आज पहिल्यांदाच ऐकत होती.

उन्हाळ्यात व्हिटकॉमबाई दोन-तीनदा तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या होत्या. लोकांचे कपडे इस्त्री करता करता डॉर्कस बोलत राहिली होती. व्हर्जिनियात मालकानं तिची नऊ वर्षांची पोर विकली ती सकाळ, व्यापाऱ्याच्या गाडीमागं आपण धावलो ते, सगळं. बदल्यात तिनं एकच मागितलं होतं. पोरीचं नाव छापा. आता लढाई संपली, गुलामी गेली. पोर दक्षिणेत कुठं तरी असेल, मोठी झाली असेल. तुमच्या कविता देशभर वाचतात, कुणाच्या तरी नजरेला पडेल. केझाया. डाव्या मनगटावर इस्त्रीचा चटका. बाईंनी मान डोलावली होती, डोळेही पुसले होते.

कवितेत केझाया नव्हती. लिली होती. फुलासारखी शुभ्र, नाजूक, आणि तिच्यावर कसलाच डाग नव्हता. कापसाच्या शेतात ती कोमेजली. मग मृत्यू आला तो पांढऱ्या झग्यातल्या प्रेमळ आईचं रूप घेऊन, आणि त्यानं तिला कुशीत घेतलं. तिची आई मी आहे, डॉर्कसच्या मनात आलं. हा कोण?

पुढच्या कडव्यात खुद्द डॉर्कस नदीवर गेली. पाण्यात तिला एक तारा दिसला, तोच लिली. तिनं उडी घेतली. नदीनं तिला पाळण्यात घालून झुलवावं तसं वाहून नेलं. यमकं इतकी गोड जुळत होती की समोरच्या बायका ओळ संपायच्या आत शेवटचा शब्द ओठांत म्हणत होत्या. डॉर्कस शालीखाली मुठी आवळून स्वतःचं बुडणं ऐकत राहिली. शेवटी आकाशात दोन तारे उरले.

टाळ्या थांबेनात. व्हिटकॉमबाईंनी तिचा हात धरून तिला उभं केलं. पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ लगबगीनं मंचाजवळ आले आणि गहिवरून म्हणाले की तुझी लेक आता देवाजवळ आहे, तिथून तिला कुणी विकणार नाही. डॉर्कस बाईंकडं वळली.

"केझायाचं नाव कुठंय, बाई?"

व्हिटकॉमबाई लोकांकडं बघून हसत होत्या. हसू तसंच ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "अगं, ते वृत्तात बसत नव्हतं. मी खूप खटपट केली. आणि लिली म्हटलं की निष्पापपणा लगेच डोळ्यांपुढं उभा राहतो."

"आणि मारलीत कशाला तिला?"

"ती कवितेतली लिली मेली, डॉर्कस. जिवंत राहिली असती तर कुणाला रडू आलं असतं?"

डॉर्कसनं विचारलं की मग आता दुसरी लिहाल का, खरी. बाई म्हणाल्या की गेल्याच आठवड्यात बॉस्टनच्या वर्तमानपत्रात छापून आलीय, आणखी कितीतरी पत्रं ती उचलून छापतायत, आता काय करणार. लोकांना फार आवडलीय. आणि तिला बरं वाटावं म्हणून त्यांनी पुढं सांगितलं, "तुझं नाव मात्र मी बदललं नाही हं. डॉर्कस ओळीत अगदी छान बसलं."

दक्षिणेत आता गुलामीतून सुटलेल्या लोकांच्या शाळा निघाल्या होत्या. केझाया सतरा वर्षांची झाली असेल. वाचायला शिकली असेल. एखाद्या दिवशी कुणाचं तरी वर्तमानपत्र हातात घेऊन, शब्दावर बोट ठेवत ती वाचेल की व्हर्जिनियाची डॉर्कस, जिची पोर विकली, ती नदीत बुडून मेली. आणि मग ती आईला शोधायची थांबेल.

शाल काढून तिनं खुर्चीवर टाकली आणि मंचाच्या अगदी कडेला आली.

"मी बुडाले नाही," ती लोकांना म्हणाली. "माझी मुलगीही मेलेली नाही."

टाळ्या विरल्या. मागच्या लोकांना नीट ऐकू गेलं नाही, पुढच्यांना वाटलं ती स्वर्गाबद्दल बोलतेय, आणि दोघी-तिघींनी पुन्हा रुमाल डोळ्यांना लावले. व्हिटकॉमबाई तिचा दंड धरून पुटपुटल्या की हे आत्ता नको, सगळ्याचा विचका होईल. पाद्रीबाबांनी ऑर्गनवाल्याला खूण केली. सूर घुमले तसे लोक सवयीनं उठले, स्तोत्रांची पुस्तकं उघडली आणि सगळं सभागृह गाऊ लागलं.

डॉर्कसनं दंड सोडवून घेतला. ओरडली नाही, जागची हललीही नाही. एकामागून एक कडवं झालं. गाणारे तिच्याकडं बघायचे, नजर पुस्तकात घालायचे, पुन्हा बघायचे. शेवटच्या कडव्याला अर्धेअधिक आवाज थांबले होते.

ऑर्गन थांबला. लोक तिच्या तोंडाकडं बघत उभे होते.

"झालं तुमचं?" डॉर्कस म्हणाली. "आता खाली बसा."