झगवानच्या डोंगराचं गुपित

जेर्बाहून येणारं विमान झगवानच्या डोंगराअलीकडेच समुद्राकडे वळवा, असं यंत्राने पडद्यावर आपणहून सुचवलं, आणि विमान नियंत्रण कक्षात सगळे ज्याला आदराने 'सी' मोंजी म्हणत, त्याच्या हातातला कॉफीचा पेला तिथेच थबकला.

बाहेर शहिली सुटली होती, वाळवंटाकडून येणारा तापलेला वारा. अशा दिवशी त्या डोंगरावर विमानं सुपातल्या दाण्यांसारखी उसळतात. हे कुठल्याही नकाशात नाही. सव्वीस वर्षं ट्युनिसच्या आकाशातली विमानं सांभाळून मोंजीने ते हेरलं होतं आणि हाताखालच्या एकट्या रौधाला शिकवलं होतं. मग या मेल्या यंत्राला कुणी सांगितलं?

सहा महिने ते यंत्र त्यांच्याकडून शिकत होतं. आधी सुचवायचं, माणसाने ते बदललं की विचारायचं, का बदललंत? सगळं शिकलं की सोळा जणांतले चारच उरणार, हे कॉफी आणणाऱ्यालाही ठाऊक होतं. म्हणून एकाच पावाचा तुकडा मोडून सगळ्यांनी शपथ घेतली होती, कारणाच्या रकान्यात कुणी अक्षर लिहायचं नाही. शपथ घालणारा मोंजीच. महिन्याभराने तो निवृत्त होणार होता. मागे ठेवायला त्याच्यापाशी नाव तेवढं होतं.

तेवढ्यात संचालिकाबाई हसत आत आल्या. "मानलं बुवा तुम्हाला, सी मोंजी! यंत्राला एकशे बारा कारणं मिळाली, सगळी तुमच्या एकट्याच्या नावावर. बाकीचे नुसते मख्ख!"

शेजारच्या खुर्चीतल्या हमादीने पडद्यावरची नजरसुद्धा काढली नाही. "वा रे पुढारी! आम्हाला कोरडा पाव चारलास आणि लोणी स्वतः चाटलंस होय?"

"आईशपथ, मी एक अक्षर..."

"पुरे. आणखी शपथा नकोत."

मोंजीचं तोंड पडलं. मग एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कॉफीला उठताना इथे कुणी यंत्रातलं आपलं नाव बंद करत नसे. बदली माणूस त्याच नावाखाली खुर्चीत बसे. नियमाविरुद्ध होतं, पण वर्षानुवर्षांची खोड. आणि त्याच्या खुर्चीत बसायची ती रौधा. पोटच्या पोरीसारखी नऊ वर्षं शिकवलेली रौधा!

पाळी संपताच त्याने तिला जिन्यात गाठलं. "गळा कापलास माझा."

"मागच्या शहिलीत तुम्ही रजेवर होतात," रौधा म्हणाली. "नव्या माणसाने विमान डोंगरावरूनच आणलं. ते उसळलं आणि आतल्या एका बाईची मान मोडली. डोंगराचं कुणाला सांगू नकोस म्हणाला होतात, म्हणून मी गप्प राहिले होते. पुढच्या महिन्यात तुम्ही हे सगळं घरी घेऊन जाणार होतात."

"मग लिहायचं होतंस! पण स्वतःच्या नावाने लिहायचंस की! माझ्या तोंडाला काळं का फासलंस?"

रौधाचे डोळे भरून आले. तिला तो प्रश्नच कळला नव्हता.

"विद्या तुमची, सी मोंजी. माझ्या नावावर लिहिली असती तर ती चोरी झाली असती."