ग्लॉकसच्या हातातले पत्र

शेगडीवरचे मेण पातळ झाले, तरी साळूबाईंनी पत्र हातातून सोडले नव्हते.

“द्या,” चिंतामण हळूच म्हणाला. “फार तापलं की मेण जळतं.”

सांगलीतल्या त्या लहानशा खोलीत पाचगणीहून आणलेल्या मेणाचा आणि राळेचा वास कोंडला होता. चिंतामण शाळेत चित्रकला शिकवी. डिसेंबरातले युद्ध संपल्यापासून त्याने फोटोंवरून नऊ मृतांचे चेहरे रंगवले होते. ‘डोळे अगदी तस्सेच,’ असे एखादी आई म्हणाली, की त्याला दर वेळी थोडे अधिक थकल्यासारखे वाटे. हे दहावे चित्र होते.

या चित्रासाठी मात्र कोणी फोटो आणला नव्हता. साळूबाईंचे नवरे, म्हसवडचे सुभेदार लालासाहेब, मोठ्या लढाईच्या शेवटी ग्रीस देशात होते. तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने खाणाखुणा करून सांगितलेली गोष्ट त्यांनी सत्तावीस वर्षे जपली होती. ग्लॉकस नावाच्या कोळ्याने किनाऱ्यावरचे कसलेसे गवत चाखले, त्याला जमीन नकोशी झाली, त्याने समुद्रात उडी घेतली. आणि तो मेला नाही, समुद्राचा देव झाला.

“आमचा सिद्धू बी तसाच,” सुभेदार पहिल्या भेटीतच म्हणाले होते. “पलटणीत ये म्हटलं, तर नेवीत गेला. बोट बुडाली, पण पोरगं गावलं न्हाई. मग ते मेलं असं कुणी म्हणायचं?”

म्हणून फळीवर मेणाचे थर चढत गेले. काथ्याच्या दोराचे केस, शिंपल्यांची दाढी, खांद्यावरून ओघळलेला जाळ्याचा तुकडा. ग्लॉकसचा एक हात तेवढा रिकामा राहिला होता. त्या हातात हे पत्र ठेवायचे होते.

ते निळे आंतर्देशीय पत्र, बोट बुडाल्याची तार आल्यानंतर अकरा दिवसांनी म्हसवडला आले होते. शिक्का पुसट होता. पत्ता खुद्द सुभेदारांच्या टपोऱ्या अक्षरातला. मुलगा भांडून निघाला, तेव्हा स्वतःचा पत्ता घातलेल्या पत्रांची चळत त्यांनी त्याच्या पिशवीत कोंबली होती. “माफी मागायची असंल तर लिही, न्हाईतर तोंड दावू नको,” असे बजावले होते. त्यातली काही उंबऱ्यावर सांडली, ती उचलायलाही सिद्धू थांबला नाही. त्यानंतर तीन वर्षांत आलेले हे एकच पत्र. तार आल्यापासून भाकरीला न शिवलेले सुभेदार, हे पत्र आले त्या दिवशी जेवले होते.

पण साळूबाईंनी ते उघडू दिले नव्हते.

“रोज उजेडाला धरून बघत्यात,” त्या शेजारी बसलेल्या सुभेदारांकडे बोट करून म्हणाल्या. “कवातरी नख लावतील. मास्तर, मेणात गाडा ह्याला.”

“अगं, पण काय लिव्हलंय ते तरी कळू दे की.”

“आवं, पत्र वाचलं की पोराचं बोलणं संपलं. न्हाई वाचलं, तर त्याला अजून काईतरी सांगायचं हाय. मला कुठं अक्षर येतंय? तरी मी ऐकतेच न्हवं रोज?”

“शपथ घातलीया हिनं,” सुभेदार चिंतामणकडे वळून म्हणाले. “जर्मनाला भ्यालो न्हाई मी. पर हिच्यापुढं बंदूक चालत न्हाई बघा.”

चिंतामणला हसू आले नाही. एक गोष्ट सांगणे भाग होते.

“मेण मुरलं की कागद काचेसारखा होतो. आतली अक्षरं दिसू लागतात. वरून निळा थर दिला की सगळं झाकेल, ते कायमचं. पण मधली दोन मिनिटं...”

साळूबाईंचा चेहरा उतरला. सुभेदार ताडकन उठले.

“म्हंजे दिसंल?”

“शपथ हाय!” साळूबाई ओरडल्याच.

“हाय, हाय. ही बघ, पाठ केली.”

ते खिडकीशी गेले आणि कवायतीच्या मैदानावर उभे राहावे तसे ताठ, बाहेर तोंड करून उभे राहिले.

“तुमी बी बघू नगा,” साळूबाई चिंतामणला म्हणाल्या आणि अखेर त्यांनी पत्र पुढे केले. चिंतामणने सवयीने त्यांचा हात न्याहाळला. चुलीच्या काजळीने काळवंडलेली बोटे, उजव्या अंगठ्यावर विळ्याने झालेला जुना, आडवा व्रण. समुद्राच्या देवाचा हात असा काढायला हवा होता, असे त्याला उगीचच वाटून गेले.

त्याने पत्र ग्लॉकसच्या तळहातावर ठेवले आणि त्यावर कढत मेण ओतले. कागद मेण प्यायला. निळाई विरत गेली, घड्या एकमेकींतून दिसू लागल्या. चिंतामणने नजर वळवायचे ठरवले होते. पण वर्षानुवर्षे बघण्याचेच काम केलेले डोळे त्याचे ऐकेनात.

त्याचा हात हवेतच थांबला.

“मास्तर.” खिडकीकडून आवाज आला. सुभेदारांनी मान वळवली नव्हती, पण तो आवाज सुभेदाराचा राहिला नव्हता. “वाचून दावू नगा. फकस्त एवढंच सांगा. राग गेलाय का त्याचा?”

साळूबाई पदराचा शेव मुठीत धरून चिंतामणकडे बघत होत्या. त्यांची पापणी लवत नव्हती.

“गेलाय,” चिंतामण म्हणाला. “पहिल्याच ओळीत.”

सुभेदारांचे ताठ खांदे हळूहळू खाली आले.

“मग गाडा,” ते म्हणाले.

चिंतामणने निळ्या मेणाचे भांडे उचलले. ओतण्याआधी त्याने पुन्हा एकदा खाली पाहिले. पत्राची आतली बाजू या कडेपासून त्या कडेपर्यंत कोरी होती. चिकटवलेल्या कडेपाशी तेवढा काजळीचा एक अंगठा उमटला होता, आणि त्या ठशाच्या मधोमध एक पांढरी, आडवी रेघ होती.