कापश्याचं घुंगरू

"गळ्यातलं घुंगरू काढा. आत काही चालत नाही," जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला.

सुनेने दोरी सोडली. कंपाउंडरने कापश्या कुत्र्याला उचललं आणि आत नेऊन दार लोटलं. बाहेरच्या खोलीत एकाएकी फार शांत झालं.

म्हातारी बाकावर ताठ बसली. गाद्या-उशा भरण्यात तिची पन्नास वर्षं गेली होती. दुकानात कायम कापूस तरंगत असायचा, नाकात, चहात, झोपेतसुद्धा. आता इथेही तेच. समोरची भिंत, भिंतीवरचं घड्याळ, मांजराची टोपली मांडीवर घेतलेला माणूस, सगळं पिंजलेल्या कापसाआडून बघावं तसं. हल्ली जिथे जावं तिथे कापूसच उडतो, असं ती मनाशी म्हणायची. आणि मनातच ठेवायची.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तासभर तरी लागेल," सून म्हणाली.

"लागू दे. पोटात सुई घेऊन आठ दिवस हिंडला, त्याला घाई नव्हती. तुला कसली आहे?"

सुनेने सोडलेलं घुंगरू मुठीत धरलं. तिला सवय होती.

दुकानात बारा सुया. शिवणाऱ्या दोघीच, सासू आणि सून. संध्याकाळी सुयांची गोल उशी म्हातारीच्या मांडीवर यायची, आणि बारा भरल्याशिवाय दुकानाला कुलूप लागायचं नाही. हल्ली ती डोळे मिटून बोटांनी मोजायची. "डोळे फसवतात, बोटं नाही," असं वर ऐकवायची. आठ दिवसांपूर्वी अकराच भरल्या. सगळा कापूस उपसून झाला, सुई मिळाली नाही. मग सुनेला जे ऐकावं लागलं, ते शेजारच्या न्हाव्यानेही हातातला वस्तरा थांबवून ऐकलं. आणि आज सकाळी कापश्याच्या पोटाचा फोटो निघाला, तेव्हा म्हातारीने सगळ्यांदेखत निकाल देऊन टाकला होता, "ज्याची सुई, त्याचं बिल."

बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. कापसाचा लांबच लांब जिना होता. कापश्या पुढे उतरत होता, शेपटी वर, घुंगरू छुन छुन. घरच्या जिन्यावर, गल्लीत, दुधाच्या दुकानापर्यंत तो असाच पुढे असायचा. वर्षापूर्वी तिनेच ते घुंगरू बांधलं. दुधात तोंड घालतो मेला, कळायला नको का, असं कारण सांगून. पायात पायात येतो म्हणून दिवसभर शिव्या द्यायची, पण कधी तो मागे राहिला तर जागची हलायची नाही. स्वप्नात ती त्या आवाजामागून उतरत राहिली. पायऱ्या मऊ होत्या, संपत नव्हत्या. मग घुंगरू थांबलं. पुढची पायरी कुठे आहे, तेच तिला कळेना.

"आजी," कुणीतरी हाक मारली.

डॉक्टरीणबाई समोर उभ्या होत्या. त्यांचा आवाज तरुण आणि दमलेला होता. "सुई निघाली. पण आतडं फार फाटलं होतं. आम्ही खूप केलं, पण वाचला नाही तो."

"झोपेतच गेला का?"

"झोपेतच."

"मग बरं झालं. जागेपणी त्याने तुमचं ऐकलं नसतं."

कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी स्टीलची वाटी बाकावर ठेवली. सून पटकन वाकली, वाटीत पाहिलं आणि लगेच म्हणाली, "माझीच आहे, आई. बिल मी भरते."

म्हातारीने हात पुढे केला. बोटांना आधी सुई लागली, मग ओला दोरा, मग दोऱ्याच्या टोकाची गाठ. तिहेरी, बाजरीच्या दाण्याएवढी, दगडासारखी घट्ट. तिच्या आईने शिकवलेली. सुनेला ती कधी जमली नव्हती.

मग तिला ती दुपार आठवली. जेवताना एका बाजूला सुयांची उशी होती, दुसऱ्या बाजूला पाव. दोन्ही गोल, दोन्ही मऊ. हातातली सुई तिने खोचली होती, आणि उरलेला पाव कापश्यापुढे टाकला होता.

बराच वेळ ती गाठ चाचपत बसली.

"तुझ्या सात पिढ्यांत कुणी अशी गाठ बांधली नाही," ती शेवटी म्हणाली. "उगाच दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवू नकोस."

कमरेचा बटवा सोडून तिने सुनेच्या हातात दिला. "यातून दे बिल. माझ्याच्याने आता नोटा मोजवत नाहीत. आणि उद्यापासून सुया तू मोज."

"बरं," सून म्हणाली. का, ते तिने विचारलं नाही.

कापश्याला चादरीत गुंडाळून दिलं. सुनेने त्याला तान्ह्या पोरासारखं छातीशी घेतलं. दोघी दारापर्यंत आल्या. बाहेर ऊन होतं, पांढरंशुभ्र, पिंजून पसरल्यासारखं. येताना इथे पाच पायऱ्या होत्या, की सहा? म्हातारी उंबरठ्यावर थांबली आणि रस्ता न्याहाळत असल्यासारखी मान वर करून उभी राहिली. पायाचा अंगठा हळूच पुढे सरकवला. तिथे काहीच नव्हतं.

 सुनेने तिचा हात धरला नाही. ती नुसती पुढे झाली आणि एक पायरी खाली उतरली.

तिच्या मनगटावर घुंगरू वाजलं.