हूं नाही की चूं नाही

चहाच्या ट्रेमध्ये चमचा खणकला आणि सोफ्यावर बसलेल्या सहा वर्षांच्या बेलसानने दचकून पट्टी बांधलेला हात पोटाशी ओढून घेतला.

"अगं, चमचाच आहे तो," नुहा लेकीला म्हणाली. मागच्या आठवड्यात मरमिय्याची पानं घातलेला असाच उकळता चहा पोरीच्या हातावर सांडला होता. तेव्हापासून एक दिवसाआड इस्पितळात पट्टी बदलायला जावं लागत होतं. आई दिसली की पोरं जास्त रडतात, म्हणून नुहाला बाहेरच थांबवत.

भेटीला आलेल्या शेजारणीने, उम्म रामीने, खजूर भरलेल्या मामूल बिस्किटांचा डबा उघडला. "चिकटलेली पट्टी काढताना जीव जातो गं. रडली असेल ना पोर?"

"छे हो खाला! हूं नाही की चूं नाही. वाघीण आहे माझी!" नुहा घाईघाईने म्हणाली आणि भरलेल्याच पेल्यात पुन्हा चहा ओतू लागली. आज सकाळी त्या बंद दाराबाहेर तिने दोन्ही कान गच्च दाबून धरले होते, तरी आतली एकेक हाक तिला ऐकू आली होती.

"शाब्बास! नाहीतर आमचा रामी. दाढी आली घोड्याला, पण सुई बघितली की पलंगाखाली शिरतो!"

दोघी हसल्या. पाहुणी गेली, तशी बेलसान आईजवळ सरकली.



"यम्मा, मग परवा मी अजून किती मोठ्याने हाक मारू, म्हणजे तुला बाहेर ऐकू येईल?"